जेवणाच्या टेबलावरचे खेडे

गेल्या काही वर्षांत मध्यमवर्गीय घरांच्या सजावटीत एक नवी रुची रूढ होऊ लागली आहे. पाटावर बसून जेवण्याची पद्धत मागे पडून जेवणाचे टेबल घरात आले, त्याला आता दोन पिढ्या झाल्या. त्या टेबलाच्या मध्यभागी प्रथम लोणच्याच्या बरण्या आणि चमच्यांचे घर असे. मग प्लॅस्टिकची फुले आली. आता तेथे खेडे अवतरले आहे. न रंधलेली लाकडी फळी, तिच्याखाली गोणपाटाची पट्टी, काचेच्या बरणीत खोचलेल्या कापसाच्या बोंडांच्या वाळक्या काड्या, बाजूला गंज चढल्यासारखा रंगविलेला कंदील आणि क्वचित बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ, असा हा थाट असतो. या शैलीला 'फार्महाऊस' शैली म्हणतात. ती मासिकांतून, दूरचित्रवाणीवरून आणि मोबाइलच्या पडद्यावरून पुण्या-मुंबईत आली आणि आता वर्धा, हिंगणघाट, आर्वीसारख्या गावांतल्या नव्या सदनिकांतही दिसू लागली आहे.

या रुचीची थट्टा करणे सोपे आहे. ज्याच्या वडिलांनी शेत विकून मुलाला शिकविले, त्या मुलाने नोकरीला लागल्यावर शेताची प्रतिकृती हप्त्याने विकत घ्यावी, यात विनोद भरपूर आहे. परंतु थट्टेवर हा विषय सोडून देता येत नाही. घराची सजावट ही घरातल्या माणसांनी स्वतःविषयी केलेली एक कबुली असते. आपण कोठून आलो, कशाला मान देतो आणि काय विसरू पाहतो, हे त्या मांडणीतून न बोलता कळते. त्यातही वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. कारण खेड्यातल्या वस्तूचे सौंदर्य कशात असते, याचा या देशातला एक गंभीर विचार याच जिल्ह्यात, वर्ध्याच्या मगनवाडीत आणि सेवाग्रामच्या मातीच्या घरांत झाला.

ही शैली मूळची आपली नाही, हे आधी ध्यानात घ्यावयास हवे. अमेरिकेत २०१३ ते २०१८ या काळात 'फिक्सर अप्पर' नावाचा एक दूरचित्रवाणी कार्यक्रम चालला. टेक्सास राज्यातील वेको या गावचे चिप आणि जोआना गेन्स हे दांपत्य त्यात जुनी घरे विकत घेणाऱ्यांना ती दुरुस्त करून, सजवून देत असे. जुन्या लाकडाची टेबले, पांढरे कपाट, काचेच्या बरण्या ही त्यांच्या घरांची खूण ठरली आणि या कार्यक्रमाने ती शैली घरोघर नेली. तिच्यातली काचेची बरणी पाहा. जॉन लँडिस मेसन याने १८५८ साली आट्याच्या झाकणाच्या बरणीचे पेटंट घेतले. उन्हाळ्यातली फळे आणि भाज्या हिवाळ्यासाठी टिकवून ठेवणे हे त्या बरणीचे काम. बर्फाच्या दिवसांत कुटुंबाला पुरवठा करणारी ती वस्तू होती. शेतघराच्या टेबलावर ती आली ती पोटाच्या गरजेपोटी. शोभा मागाहून आली.

बरणीत खोचलेल्या कापसाची कथा याहून बोलकी आहे. २०१७ च्या सप्टेंबरात टेक्सासमधील एका स्त्रीने दुकानात विकावयास ठेवलेल्या कापसाच्या काड्यांचे छायाचित्र समाजमाध्यमावर प्रसिद्ध केले आणि या वस्तूची शोभा करण्यास हरकत घेतली. ज्या पिकासाठी गुलामांच्या पिढ्या राबल्या आणि मेल्या, ते पीक दिवाणखान्याची शोभा कसे होऊ शकते, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. पुष्कळांनी तिला हसून उडवून लावले, तर काहींना तिचे म्हणणे पटले. वाद विरला. पण त्याने एक गोष्ट दाखवून दिली. शेतातली वस्तू टेबलावर येते तेव्हा तिच्यामागचे कष्ट तिच्याबरोबर येतात. पाहणाऱ्याला ते दिसोत वा न दिसोत.

आता हाच कापूस घेऊन आपल्या जिल्ह्यात या. वर्धा हा कापसाचा जिल्हा. हिंगणघाटची बाजारपेठ कापसावर वाढली आणि पुलगाव ओळखले गेले ते कापड गिरणीमुळे. येथे झाडाला पऱ्हाटी म्हणतात आणि कापूस वेचून झाल्यावर तीच पऱ्हाटी चुलीत जाते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव ठरविला. म्हणजे किलोला सुमारे ८१ रुपये. एका बोंडात चार-पाच ग्रॅम कापूस निघतो असे धरले, तर एक किलोसाठी दोनशे ते अडीचशे बोंडे एकेक करून हाताने वेचावी लागतात. दहा बोंडांच्या काडीतला कापूस शेतकऱ्याच्या हिशेबाने तीन-चार रुपयांचा. तीच काडी शोभेची वस्तू म्हणून खोक्यात बंद होऊन घरपोच आली, की तिचे मोल कित्येक पटींनी वाढते. वाढलेल्या मोलातला किती हिस्सा वेचणाऱ्या बाईच्या पदरात पडतो, हे विचारण्याची कोणाला आठवणही होत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांना ज्या सहा जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर करावी लागली, त्यांत वर्धा होता. अशा जिल्ह्यात कापसाचे बोंड निव्वळ रंगसंगतीसाठी टेबलावर ठेवणे हा अपराध नव्हे. परंतु ते ठेवताना मनात काहीच न येणे ही मात्र चिंतेची बाब आहे.

कापसाचे झाले, तेच अवजारांचे. तिफणीचे चाडे हल्ली फुले ठेवण्याचे भांडे म्हणून शोभेच्या दुकानांत मिळते. ज्यांनी पेरणी पाहिली आहे, त्यांना चाडे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. लाकूड कोरून केलेल्या त्या वाटीवर मूठ धरायची आणि बोटांच्या फटींतून बियाणे असे सोडायचे, की प्रत्येक नळ्यातून ते सारखे पडावे. चाड्यावरचा हात चुकला तर पीक विरळ उगवते किंवा दाट होऊन खुरटते, आणि चूक ध्यानात येते ती आठ-दहा दिवसांनी, दुरुस्तीची वेळ टळून गेल्यावर. वर्षभराच्या अन्नाचा भार त्या वाटीवर असे. आज तिच्या भोकांतून प्लॅस्टिकची पाने बाहेर डोकावतात. तिच्यात भोके का आहेत, असे घरातल्या मुलाने विचारले तर उत्तर देणारे कोणी घरात असेलच असे नाही.

लाकडी बैलाचीही तीच गत. तान्हा पोळा हा विदर्भातल्या मुलांचा सण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी नंदी सजवून मिरवीत नेतात. सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा आणि त्यातले मोठमोठे नंदी प्रसिद्ध आहेत. नंदी दोरीने ओढायचा, दारोदार न्यायचा, त्याच्या निमित्ताने मोठ्यांकडून बोजारा मागायचा. नंदीची शोभा या सगळ्यात होती. चाके नसलेला, पॉलिश केलेला नंदी मिठाच्या डबीशेजारी बारा महिने उभा राहिला, की तो मुलाच्या हातातून निसटतो. दरम्यान आर्वी, आष्टी, कारंजा भागातली गवळाऊ गाईबैलांची खिल्लारे ओसरत चालली आहेत. सोयाबीन आल्यापासून ज्वारीचे क्षेत्र आटले आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. शेतातून बैल आणि कणीस जाण्यास आणि टेबलावर त्यांच्या प्रतिमा येण्यास एकच वेळ साधावी, हा योगायोग नाही. जी वस्तू व्यवहारातून उठते, तीच शोभेला येते.

तेव्हा प्रश्न असा, की खेड्यातली वस्तू शहरातल्या टेबलावर मुळी असूच नये काय? याचे उत्तर शोधताना वर्ध्याच्या इतिहासाकडे वळणे भाग आहे. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्यातील बागेत, म्हणजे मगनवाडीत, संघाचे कार्यालय उभे राहिले आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार झाले. तेलाची घाणी, हातकुटीचा तांदूळ, हातकागद, मधमाश्या यांवर तेथे प्रयोग झाले. तेथेच 'मगनदीप' नावाचा दिवा तयार झाला. तो घासलेटाऐवजी वनस्पतीच्या तेलावर चाले. गावाचा पैसा घासलेटाच्या रूपाने बाहेर जाऊ नये आणि गावातल्या बियांचे तेल गावातच उजेड द्यावे, हा त्यामागचा विचार होता.

या दिव्याच्या प्रकाशात आपल्या टेबलावरचा कंदील पाहा. ग्रामीणपणाची खूण म्हणून आपण जो कंदील मांडतो, तो मुळात कारखान्यातला. त्याचे पुष्कळसे जुने नमुने तर अमेरिका आणि जर्मनीतून आलेले. त्यात जळणारे तेलही बाहेरचे. मगनवाडीतल्या माणसांनी जी वस्तू खेड्यातून हलविण्याचा प्रयत्न केला, तिलाच आपण खेड्याचे प्रतीक मानून बसलो आहोत. यावरून एवढा बोध घेता येतो, की वस्तू जुनी, खडबडीत किंवा गंजलेली असल्याने ग्रामीण ठरत नाही. ती कोठे बनली, कोणी बनविली आणि कशासाठी वापरली जाते, यावर तिचे ग्रामीणपण ठरते. १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयाचा हेतूही हाच होता. गावातले उद्योग लोकांनी पाहावेत, समजून घ्यावेत आणि पुन्हा उभे करावेत, म्हणून तेथे अवजारे मांडली गेली.

येथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींचा आक्षेप विचारात घ्यावा लागेल. साधेपणाचा पुरस्कार करणारे काही सज्जन म्हणतील, की सजावट हीच मुळात चैन आहे. टेबल मोकळे ठेवा, म्हणजे वाद मिटला. परंतु सेवाग्रामचा दाखला या मताच्या बाजूने पडत नाही. १९३६ साली गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहावयास आले. तेथील बापू कुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेनने ताडाची झाडे आणि चरखा यांचे उठाव काढले आहेत. देशातल्या सर्वांत साध्या म्हणून गाजलेल्या घरालाही हाताने केलेली शोभा वर्ज्य नव्हती. मात्र ती शोभा भिंतीच्याच मातीची होती. तिच्यासाठी काही विकत आणावे लागले नाही आणि जे झाड तिच्यात आहे, ते कुटीबाहेरच्या परिसरातले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्याच्या सजावटीची जबाबदारी गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्यावर सोपविली. नंदबाबूंनी त्या परिसरात मिळणारे बांबू, लाकूड आणि गवत वापरले, स्थानिक कारागिरांचे हात कामाला लावले आणि अधिवेशनाचे नगर उभे केले. सौंदर्य आणि साधेपणा यांचे भांडण नाही, हे फैजपूरने दाखवून दिले.

आपल्या घरगुती परंपरेतही जेवणाच्या जागेची शोभा होतीच. पंगतीत पाटासमोर ताटाभोवती रांगोळीची महिरप काढीत. उदबत्ती लावीत, सणाला समई तेवत असे. पळसाच्या पानांची पत्रावळ ही स्वतःच एक कलाकृती असे. या शोभेचा एक गुण आज आठवण्यासारखा आहे. ती जेवणापुरती होती. पंगत उठली की रांगोळी पुसली जाई आणि पत्रावळ उकिरड्यावर जाऊन खत होई. ती साठवावी लागत नसे, तिच्यावर धूळ बसत नसे आणि दुसऱ्या दिवशी ती नव्याने करावी लागे. शिवाय प्रत्येकाच्या ताटाभोवती ती असल्याने तिचा मान जेवणाऱ्याला मिळे. टेबलाच्या मधोमध कायम ठाण मांडून बसलेली सजावट जेवणाऱ्याची जागा अडविते आणि आमटीचे पातेले ठेवावयास जागा शोधावी लागते, हा अनुभव अनेक गृहिणींनी घेतला असेल.

मग टेबलावर काय ठेवावे? उपदेश करून थांबणे बरे नव्हे, म्हणून काही व्यावहारिक गोष्टी सांगणे योग्य होईल. पहिली गोष्ट उंचीची. समोरासमोर बसलेल्या दोघांना एकमेकांचे तोंड दिसले पाहिजे. ज्या मांडणीआडून बापाला मुलाशी मान वाकडी करून बोलावे लागते, ती कितीही सुंदर असली तरी टेबलावरून उतरवावी. दुसरी गोष्ट वासाची. निशिगंध आणि मोगरा देवघरात किंवा दिवाणखान्यात शोभतात. जेवताना त्यांचा वास वरणाच्या फोडणीशी भांडतो. तिसरी गोष्ट आपल्या हवेची. विदर्भात टेबलावर पंखा फिरत असतो आणि वाळलेल्या कणसांचे कूस त्याच्या वाऱ्याने थेट ताटात उतरते. कापसाच्या काड्यांबाबत आणखी एक सावधगिरी हवी. त्या पिकावर कीटकनाशकांची फवारणी वारंवार होते. ज्या झाडावर काय फवारले ते आपल्याला ठाऊक नाही, त्याच्या फांद्या अन्नाशेजारी ठेवू नयेत.

आणि मुख्य गोष्ट ऋतूची. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा सकाळची फुले दुपारी मान टाकतात. त्या दिवसांत कुंभाराच्या हातची, पाण्याने घामेजलेली सुरई मधोमध ठेवावी आणि तिच्या गळ्याशी वाळ्याची जुडी बांधावी. तहान भागविणारी याहून देखणी वस्तू कोणत्या दुकानात मिळणार? पावसाळ्यात बुरडाने विणलेल्या लहान टोपलीत काटवले ठेवावीत. टोपली सकाळी शोभेची आणि संध्याकाळी भाजीची. दिवाळीनंतर कारंजा-आष्टीकडची संत्री येतात. एका सुपात दहा-बारा संत्री पानांसकट मांडली, तर त्या रंगापुढे रंगविलेला कंदील फिका पडतो, आणि जेवण झाल्यावर मांडणीच फराळ होते. थंडीत ओल्या हरभऱ्याचे डहाळे ठेवावेत. सोलता सोलता घरातली माणसे चार शब्द अधिक बोलतात. हळद निघते तेव्हा समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या ओल्या हळदीचे चार कंद एका मातीच्या परळात ठेवून पाहावेत. या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही गोष्ट जिल्ह्यातल्या किती मुलांना ठाऊक आहे? फाल्गुनात पळस फुलतो. त्याची झाडाखाली पडलेली फुले पाण्याच्या पसरट भांड्यात सोडली, की खर्च काहीच नाही आणि दोन दिवसांनी तेच पाणी रंगपंचमीला कामी येते.

या साऱ्या मांडणीत एक सूत्र आहे. जी वस्तू टेबलावर आहे तिचा काही उपयोग आहे, तिचा हंगाम आहे आणि ती करणाऱ्याला तिचे दाम मिळालेले आहे. कुंभार, बुरूड, सुतार ही माणसे अजून आपल्या गावांतून आहेत, परंतु त्यांच्याकडून माठ घेताना आपण दहा रुपयांसाठी घासाघीस करतो आणि त्याच माठाची रंगविलेली नक्कल शोभेच्या दुकानातून निमूटपणे छापील किमतीला आणतो. ही विसंगती दूर करणे आपल्या हातात आहे. त्यासाठी सरकारच्या योजनेची वाट पाहावी लागत नाही.

यावर एक रास्त शंका घेतली जाईल. चार घरांनी सुरई आणि टोपली विकत घेतल्याने कापसाला भाव मिळणार आहे का? कर्ज फिटणार आहे का? नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. हमीभाव, सिंचन, पतपुरवठा यांचे प्रश्न टेबलाच्या मांडणीने सुटत नाहीत, आणि सुटतात असा आव आणणे हा शेतकऱ्याचा अपमान ठरेल. परंतु त्या प्रश्नांविषयी ज्यांना आस्था वाटावयास हवी, तो शिक्षक, कारकून, विद्यार्थ्यांचा वर्ग शेतापासून मनाने किती दूर गेला आहे, हे या मांडणीवरून कळते. ज्याला चाडे म्हणजे फुलदाणी वाटते, त्याला उद्या पेरणी उलटल्याची बातमी वाचून काय वाटणार? दुबार पेरणी म्हणजे दुसऱ्यांदा बियाणे, दुसऱ्यांदा मजुरी आणि दुसऱ्यांदा उसनवारी, हे त्याच्या मनात उमटणार कसे? वस्तूंची ओळख पुसली, की माणसांविषयीची कणवही हळूहळू बोथट होते.

शिक्षकांना येथे बरेच करता येईल. मगन संग्रहालय वर्धा शहरातच आहे आणि सेवाग्राम तेथून काही किलोमीटरांवर. सहल नेऊन छायाचित्रे काढण्याऐवजी एखादे अवजार मुलांच्या हाती द्यावे, ते कसे चालते ते एखाद्या वृद्ध शेतकऱ्याकडून वदवून घ्यावे. घरात आजोबांच्या वेळची पायली, जाते किंवा खलबत्ता असेल, तर तो टेबलावर जरूर ठेवावा. मात्र महिन्यातून एकदा त्यात काही कुटावे, त्याने काही मोजावे. पायलीने मोजलेले धान्य आणि काट्यावरचे किलो यांचा मेळ मुलाला घालता आला, तर ती पायली घरात खऱ्या अर्थाने राहिली असे म्हणता येईल.

जेवणाचे टेबल ही घरातली अशी एक जागा आहे, जेथे शेत रोज दोन वेळा येते. भाकरीच्या, भाताच्या, वरणाच्या रूपाने ते येते आणि त्याला कोणी सजावट म्हणत नाही. खेडे टेबलावर मांडावेसे वाटणे ही भावना वाईट नाही. तिच्यात मागे सुटलेल्या घराची ओढ आहे. परंतु ती ओढ खरी असेल, तर तिने ताटातल्या अन्नाकडे आणि ते पिकविणाऱ्याकडे पाहिले पाहिजे. ताटात पडलेल्या भाकरीचे मोल ज्या घरात ठाऊक आहे, त्या घरी टेबलाच्या मध्यभागी काहीही नसले, तरी तेथे खेडे आहे.